नीरा भीमेला मिळते, ती इंग्रजीत कशी?

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेला मिळते. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल असे हे साधे विधान. बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या मराठी शाळेत, दहावीच्या वर्गाला ते इंग्रजीत लिहावयास सांगितले, तर उत्तरे कशा प्रकारची येतील हे इंग्रजी शिकविणाऱ्या कोणालाही आधीच सांगता येईल. 'नीरा मीट टू भीमा', 'नीरा इज मीट भीमा', 'नीरा इज मीटिंग टू भीमा इन नरसिंहपूर' अशी ती उत्तरे असतील. अचूक वाक्य आहे 'द नीरा मीट्स द भीमा अ‍ॅट नरसिंहपूर'. अवघे सात शब्द. पण शब्दक्रम, क्रियापदाचा प्रत्यय, काळाची निवड, उपपद आणि शब्दयोगी अव्यय, असे इंग्रजी व्याकरणाचे पाच मूलभूत नियम त्यात एकत्र आले आहेत.

हे वाक्य चुकते ते अभ्यासाच्या अभावामुळे, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना जून २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. म्हणजे आज दहावीला बसणारा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. शब्द त्याला ठाऊक असतात, नियमही पाठ असतात. तरीही तो चुकतो, कारण इंग्रजी लिहिताना तो नकळत मराठीचे नियम पाळत असतो, आणि तेही काटेकोरपणे. त्याची जवळपास प्रत्येक चूक हे मराठी व्याकरणाचे एखादे अचूक उदाहरण असते. हे ध्यानात घेतले, तर मराठी माणसाला इंग्रजी व्याकरणातील नेमके काय शिकावयाचे आहे याची यादी फार लहान होते. दोन भाषा जेथे वेगळ्या वाटांनी जातात, तेवढ्याच जागा नीट पाहावयाच्या. बाकीचे त्याला आधीच येत असते.

या प्रश्नाला बारामती-इंदापूर पट्ट्यात विशेष महत्त्व आहे. येथील मुले मराठी माध्यमातून शिकतात आणि मग बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा विद्या प्रतिष्ठानच्या संस्थांत विज्ञान व अभियांत्रिकीला प्रवेश घेतात. तेथे पाठ्यपुस्तक एकाएकी इंग्रजी होते. बारामतीची औद्योगिक वसाहत, वालचंदनगरचा यंत्रनिर्मिती कारखाना आणि भिगवणची कागद गिरणी येथील यंत्रांच्या सूचना इंग्रजीत असतात. लोकसेवा आयोगाच्या गट ब आणि गट क च्या परीक्षांत मराठीच्या जोडीला इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न असतात. द्राक्षे आणि डाळिंबे परदेशी पाठविणाऱ्या शेतकऱ्यापुढे येणारा करारही इंग्रजीतच असतो. विषय चांगला येत असूनही भाषेपायी गप्प बसणारी मुले या सर्व ठिकाणी दिसतात. त्यात मुलींचे प्रमाण अधिक असावे, असे वाटते.

ओळखीचे व्याकरण

इंग्रजीचे व्याकरण परके आहे ही समजूत आधी दूर करावयास हवी. शाळेत आपण मराठी शब्दांच्या आठ जाती शिकतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. ही विभागणी संस्कृत परंपरेतून आलेली नाही, तेथे पदांचे प्रमुख प्रकार चारच मानले जात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची धर्ती त्यांच्यापुढे होती. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात या साऱ्याची कठोर छाननी केली, परंतु शाळेत आठ जातीच टिकल्या. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हेदेखील मेजर थॉमस कँडी यांच्या काळात इंग्रजीतूनच मराठीत रुळली. तेव्हा मराठीचे व्याकरण मन लावून शिकलेल्या मुलाने इंग्रजी व्याकरणाची परिभाषा जवळजवळ शिकलेलीच असते. फक्त हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दोन विषयांचे दोन शिक्षक, दोन तासिका आणि दोन वह्या, त्यामुळे या दोन वह्यांची भेट होत नाही.

आता पुन्हा नीरेच्या वाक्याकडे वळू. 'नीरा भीमेला मिळते', 'भीमेला नीरा मिळते', 'मिळते नीरा भीमेला'. मराठीत शब्द कसेही फिरवले तरी कोण कोणाला मिळते यात फरक पडत नाही. कारण 'ला' हा प्रत्यय भीमेला चिकटून बसलेला आहे आणि तिची ओळख तो सोडीत नाही. शब्द हलले तरी नाते हलत नाही. मराठी कवितेला वृत्तात बसणे सोपे जाते ते यामुळेच. मोरोपंतांनी बारामतीत राहून हजारो आर्या रचल्या, ओठांनी उच्चारावयाची अक्षरे टाळून 'निरोष्ठ रामायण' लिहिण्यासारखे खेळही केले. क्रियापद चरणाच्या आरंभी आणि कर्ता शेवटी ठेवण्याची मोकळीक विभक्तीने दिली नसती, तर हे इतक्या सहजतेने साधले नसते.

एके काळी इंग्रजीतही असे विभक्तिप्रत्यय होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामे चालवावी लागत. कालांतराने ते प्रत्यय झिजले आणि त्यांचे काम जागेकडे आले. क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता, नंतर बसेल ते कर्म. 'द भीमा मीट्स द नीरा' म्हटले की भीमा नीरेला जाऊन मिळते आणि भूगोल चुकतो. इंग्रजीत शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती. जुन्या प्रत्ययांचे अवशेष आता 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर' अशा सर्वनामांत तेवढे उरले आहेत. 'मीट टू भीमा' मधील 'टू' कोठून आला तेही आता उलगडते. विद्यार्थ्याला 'भीमेला' मधील 'ला' कोठे तरी ठेवावयाचा असतो. इंग्रजीत तो क्रियापदानंतरच्या जागेने आधीच ठेवलेला आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नसते.

एका 'स' ची गोष्ट

'मीट' की 'मीट्स'? हा नियम प्रत्येकाला पाठ असतो आणि प्रत्येकाकडून मोडतो. कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल आणि क्रिया साध्या वर्तमानकाळात असेल, तर क्रियापदाला 'एस' लागतो. वास्तविक मराठी क्रियापदाचे लाड याहून कितीतरी अधिक आहेत. मिळतो, मिळते, मिळतोस, मिळतेस, मिळता, मिळतात. लिंग, वचन, पुरुष साऱ्यांचा हिशेब ते ठेवते. 'नीरा मिळतो' असे पहिलीतले पोरही म्हणणार नाही. इतके रूपभेद लीलया सांभाळणाऱ्याला इंग्रजीतला एकुलता एक बदल किरकोळ वाटतो आणि तो राहून जातो. नवशिक्याला एक खूण उपयोगी पडते. बहुतेक वाक्यांत हा 'एस' एकाच ठिकाणी असतो, कर्त्याला किंवा क्रियापदाला. 'द रिव्हर मीट्स', पण 'द रिव्हर्स मीट'. 'मेन', 'चिल्ड्रेन' अशा अनियमित अनेकवचनांना ही खूण लागू पडत नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवावे.

खरी गंमत नकारार्थी वाक्यात आहे. 'द नीरा डज नॉट मीट द कृष्णा'. येथे 'मीट' चा 'एस' कोठे गेला? तो 'डज' मध्ये गेला. मुलांना हे विचित्र वाटते. पण मराठीत पाहा. 'ती जाते' चे नकारार्थी रूप 'ती जात नाही' असे होते. 'जाते' मधील रूप गळून 'जात' एवढेच उरते. 'तू जातोस' चे 'तू जात नाहीस' होते, 'ते जातात' चे 'ते जात नाहीत'. म्हणजे पुरुष आणि वचन दाखविणारा प्रत्यय मुख्य क्रियापद सोडून 'नाही' कडे जातो. इंग्रजीत तो 'डू' कडे जातो एवढेच. वर्तमानकाळातील नकार मराठी आणि इंग्रजी एकाच तत्त्वावर रचतात, हे फळ्यावर दोन ओळी शेजारी शेजारी लिहून दाखविता येते. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

भूतकाळात मात्र मराठी वाट बदलते. 'मी गेलो' चे 'मी गेलो नाही' होते. येथे 'गेलो' जसेच्या तसे राहते. 'आय डिड नॉट वेन्ट' ही चूक नेमकी येथून येते. विद्यार्थ्याने मराठीचा भूतकाळी नकार इमानाने उचललेला असतो. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे 'डिड' ने एकदा घेतले की मुख्य क्रियापद मोकळे होते, 'आय डिड नॉट गो'. वर्तमानकाळात मराठी जे करते तेच इंग्रजी भूतकाळातही करते, एवढे सांगितले की वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

प्रश्नाचेही असेच. मराठीत विधानाच्या शेवटी 'का' जोडला की प्रश्न तयार होतो, शब्दांची जागा बदलत नाही. 'तू कुठे जात आहेस?' मध्येही क्रम विधानाचाच आहे. म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग?' असे तोंडातून निघते. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे येते, 'व्हेअर आर यू गोइंग?'. आणि हे कष्टाने शिकलेला विद्यार्थी मग 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' असे म्हणू लागतो. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, त्यामुळे क्रम पुन्हा विधानाचा होतो, 'व्हेअर ही इज'.

'तिने' आणि 'मला'

'तिने अर्ज लिहिला', 'तिने चिठ्ठी लिहिली', 'तिने पत्र लिहिले'. लिहिणारी एकच, पण क्रियापद तीन रूपे घेते, कारण या वाक्यांत ते कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. हा आपला कर्मणी प्रयोग. इंग्रजी क्रियापद नेहमी कर्त्याकडेच पाहते, तिन्ही ठिकाणी 'शी रोट'. येथे एक गैरसमज वर्गावर्गांतून दृढ झालेला आहे. इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग असे सरसकट शिकविले जाते. 'तिने पत्र लिहिले' हे मराठीत कर्मणी आहे, परंतु त्याचे इंग्रजी 'शी रोट अ लेटर' हे अ‍ॅक्टिव्ह आहे. 'अ लेटर वॉज रिटन बाय हर' याचे मराठी 'तिच्याकडून पत्र लिहिले गेले' असे होईल, आणि असे आपण क्वचितच बोलतो. ही दोन नावे एकमेकांवर चिकटवल्यामुळे हुशार मुलांचाही गोंधळ उडतो. तो त्यांचा दोष नव्हे.

'मला' ने सुरू होणाऱ्या वाक्यांची गोष्ट आणखी रोचक आहे. मला भूक लागते, मला ताप येतो, मला राग येतो, मला झोप येते, मला डाळिंब आवडते. मराठी माणसाकडे भूक, ताप, राग, झोप आपापल्या पायांनी चालत येतात आणि तो त्यांचे स्वागत करतो. इंग्रजीत तो स्वतः पुढे येतो. 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय हॅव अ फीवर', 'आय फील स्लीपी', 'आय लाइक पोमग्रॅनेट्स'. 'स्लीप इज कमिंग टू मी' या वाक्याला हसण्यापेक्षा हा फरक विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. मराठीतील 'मला' इंग्रजीत बहुतेक वेळा 'आय' होतो, हे कळले की शेकडो वाक्ये आपोआप सुधारतात.

'आहे' या शब्दावरही आपण फार भार टाकतो. 'ती डॉक्टर आहे', 'तिला दोन भाऊ आहेत', 'तिच्याकडे गाडी आहे', 'गावात विहीर आहे', 'ती जात आहे', 'ती गेली आहे'. या सहा वाक्यांत मराठीचा एकच 'आहे' राबतो. इंग्रजीत त्याच्या वाटण्या झाल्या आहेत. ओळख सांगताना 'इज', मालकी आणि नाते सांगताना 'हॅज', अस्तित्व सांगताना 'देअर इज', चालू क्रियेला 'इज' आणि पूर्ण झालेल्या क्रियेला 'हॅज'. 'मला माहीत आहे' मध्येही 'आहे' आहे, पण इंग्रजीत ते नुसते 'आय नो' असते. 'आय अ‍ॅम लिव्ह इन बारामती' ही चूक वेगळ्या कारणाने होते. पहिल्या इयत्तांत 'आय अ‍ॅम' हे दोन शब्द इतक्या वेळा एकत्र घोकले जातात की मुलाला 'मी' चे इंग्रजी 'आय अ‍ॅम' असेच वाटू लागते.

गाय अंगणात की अंगणात गाय?

'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती आपल्याला कधीच नीट येणार नाहीत, अशी एक निराशा शिक्षकांतही आढळते. शब्द नाहीत हे खरे, पण कल्पना आहे. 'अंगणात गाय आहे' आणि 'गाय अंगणात आहे' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. पहिल्यात कोणती तरी गाय अंगणात दिसली, अशी बातमी आहे. दुसऱ्यात आपली, दोघांनाही ठाऊक असलेली गाय कोठे आहे, ते सांगितले आहे. इंग्रजीत पहिले होईल 'देअर इज अ काऊ इन द यार्ड', दुसरे 'द काऊ इज इन द यार्ड'. इंग्रजी जे काम उपपदाकडून करून घेते, ते मराठी शब्दक्रमाकडून करून घेते. 'मी डॉक्टर शोधतो आहे' आणि 'मी डॉक्टरांना शोधतो आहे' या जोडीतही तोच भेद आहे. पहिल्यात कोणताही डॉक्टर चालेल, म्हणून 'अ डॉक्टर'. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर हवेत, म्हणून 'द डॉक्टर'. ऐकणाऱ्याला 'कोणता?' असे विचारावे लागणार नसेल तर 'द' घालावा, ही कसोटी दहापैकी सात-आठ वेळा पुरते.

उरलेल्या दोन-तीन वेळा मात्र रूढीला शरण जावे लागते. नद्यांच्या नावाआधी 'द' येतो आणि गावांच्या नावाआधी येत नाही. 'बारामती स्टँड्स ऑन द कऱ्हा'. असे का, याचे समाधानकारक उत्तर वर्गात देता येत नाही आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. आपली कऱ्हा स्त्रीलिंगी आणि ब्रह्मपुत्र नद पुल्लिंगी का, याचे उत्तर तरी आपण इंग्रजाला कोठे देणार?

'अ' आणि 'अ‍ॅन' यांच्या बाबतीत मराठी मुलाला उलट एक सोय आहे, तिचा उपयोग कोणी करीत नाही. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. 'अवर' म्हणजे तास, पहिले अक्षर स्वर, म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'युनिव्हर्सिटी', पहिले अक्षर य, व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एमएलए' मध्ये पहिला 'ए', म्हणून 'अ‍ॅन एमएलए'. रोमन लिपी जे लपवते ते देवनागरी उघड करते.

शब्दयोगी अव्ययांविषयी थोडक्यात. मराठीत ती नामाच्या मागे येतात, इंग्रजीत पुढे. 'झाडाखाली' चे 'अंडर द ट्री'. नामाचे सामान्यरूप करण्याची यातायात इंग्रजीत नाही, हा एक दिलासा. अडचण होते ती मराठीतील एकाच प्रत्ययाला इंग्रजीत अनेक उत्तरे असल्याने. 'नरसिंहपूरला' मधील 'ला' 'अ‍ॅट' होतो, 'इंदापूरला जातो' मधील 'टू', आणि 'भीमेला' मधील 'ला' चे काहीच होत नाही. 'पासून' ची इंग्रजीत दोन शकले होतात. '२०१५ पासून' असा आरंभ सांगावयाचा असेल तर 'सिन्स', 'दहा वर्षांपासून' असा अवधी सांगावयाचा असेल तर 'फॉर'. उलट 'बद्दल चर्चा करणे' मधील 'बद्दल' इंग्रजीत 'डिस्कस' या क्रियापदाच्या पोटातच असतो, तेथे 'अबाउट' जोडू नये. अशा जोड्या सुट्या पाठ करण्यापेक्षा वाचनातून कानात बसू द्याव्यात.

एका नकारासाठी मात्र थांबणे आवश्यक आहे, कारण येथे चूक झाली तर केवळ गुण जात नाहीत. 'जोपर्यंत पैसे मिळत नाहीत, तोपर्यंत माल सोडणार नाही' असे आपण म्हणतो. दोन वेळा नकार. इंग्रजीत 'अनटिल' नंतर तो नकार नको असतो. 'अनटिल द पेमेंट इज रिसीव्हड' म्हणजेच 'जोपर्यंत पैसे मिळत नाहीत तोपर्यंत'. त्यात सवयीने 'नॉट' घातला तर वाक्याचा अर्थ भलतीकडे जातो. 'अनलेस' चेही तसेच, त्यात 'नाही' आधीच विरघळलेला आहे. डाळिंबाच्या निर्यातीचा करार वाचणाऱ्या किंवा त्यावर ईमेलने उत्तर देणाऱ्या तरुण शेतकऱ्याला हा एक 'नॉट' महागात पडू शकतो. करारातील 'मे' आणि 'शॅल' हेदेखील असेच दोन सावध शब्द. 'द बायर मे रिजेक्ट' म्हणजे खरेदीदाराला माल नाकारण्याची मुभा आहे. 'द बायर शॅल पे' म्हणजे पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. शाळेत 'शॅल' हा भविष्यकाळ म्हणून शिकविला गेला असल्याने त्यातील सक्ती वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

बारा घरांचा तक्ता

मराठी घरांतील जुन्या पिढीने इंग्रजी शिकले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. त्या पद्धतीची पुढे बरीच चेष्टा झाली. भाषांतर करून भाषा बोलता येत नाही, हा आक्षेप रास्तच होता. परंतु दोन भाषा समोरासमोर ठेवण्याची तिची सवय सोडून देण्यात आपण काही गमावले, असे म्हणावे लागेल. नंतर थेट पद्धत आली, संभाषण आले, व्याकरण मागे पडले. आणि परीक्षा जवळ आली की तेच व्याकरण खासगी शिकवण्यांतून बारा काळांच्या तक्त्याच्या रूपाने परत येते. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, सूत्रांसह. हा तक्ता घडाघडा म्हणणारा विद्यार्थी दाराशी आलेल्या पाहुण्याशी एक वाक्य बोलू शकत नाही, कारण कोणता काळ केव्हा वापरावयाचा हे तक्त्यात लिहिलेले नसते.

काळाच्या बाबतीतही मराठीपासून सुरुवात केल्यास वाट सोपी होते. 'मुलगी शाळेत जाते' आणि 'मुलगी शाळेत जात आहे' यांतील फरक मराठी मुलाला जन्मजात कळतो, इंग्रजीत तो जवळपास तसाच आहे. नेहमीची किंवा कायमची गोष्ट साध्या वर्तमानात, चाललेली गोष्ट चालू वर्तमानात. म्हणून 'द नीरा मीट्स'. 'इज मीटिंग' म्हटले तर ती आजच्यापुरती मिळते आहे असे वाटेल. फरक पडतो तो मराठीच्या खास लकबींत. हाक आली की आपण उठण्याआधीच 'आलो, आलो' असे म्हणतो. भूतकाळाचे रूप वापरून भविष्याची हमी देण्याची ही रीत इंग्रजीत नाही, तेथे 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणावे लागते. 'मी उद्या इंदापूरला जातो' हेही 'आय अ‍ॅम गोइंग' असे होते.

सर्वांत अवघड जागा 'आले' आणि 'आले आहेत' यांच्यामध्ये आहे. इंग्रजीत 'हॅव कम' म्हटले की क्रियेचा आजशी संबंध जुळतो, आणि म्हणूनच त्याच्यासोबत 'काल', 'गेल्या वर्षी' अशी संपलेली वेळ चालत नाही. मराठीला असे बंधन नाही. 'पाहुणे काल आले आहेत' हे आपल्याकडे निर्दोष वाक्य आहे. त्याचे शब्दशः रूप 'द गेस्ट्स हॅव कम यस्टरडे' इंग्रजीत चूक ठरते, तेथे 'केम' हवे. उलट दारात पाहुणे दिसताच आपण नुसते 'पाहुणे आले!' म्हणतो, तेथे इंग्रजीला 'हॅव कम' हवे असते.

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी येतात. ते पाहण्यासाठी पुण्याहून येणारा पर्यटक तेथील नावाड्याला मराठीत विचारतो, 'यंदा रोहित आले का?' हा प्रश्न जानेवारीत विचारला काय आणि मेअखेर विचारला काय, मराठीत तोच राहतो. इंग्रजीत त्याचे दोन प्रश्न होतात. हंगाम अजून चालू असेल तर 'हॅव द फ्लेमिंगोज कम?' आणि पक्षी परतून गेल्यावर, हंगाम संपल्यावर विचारले तर 'डिड द फ्लेमिंगोज कम?'. नावाड्याला इंग्रजी येत असेल, तर नाव पाण्यात लोटावयाची की नाही हे त्याला प्रश्नाच्या पहिल्याच शब्दावरून कळेल.